जहाज निवडण्याचे दिवस

चैत्र अर्धा सरला की लालबागचा वारा तिखट होतो. मसाल्याच्या गल्लीत डंक सुरू झालेले असतात, लोखंडी मुसळांची धपधप पार रस्त्यापर्यंत येते आणि ज्यांचं त्या गल्लीत काहीच काम नाही तीही माणसं शिंकत शिंकत पुढे जातात. बसमधून उतरणारा नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही नाही लावत. मला तर पहिली शिंक आली की बरं वाटतं. वर्षाचा मसाला करायचे दिवस आले.

परवा मी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या घेऊन आले. आमची चाळ आता राहिली नाही. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतो, आणि गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या तर सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगावं लागतं. सांगितलं, जुनी चादर पसरली, मिरच्या ओतल्या. लाल ढिगावर ऊन पडलं, तो करपट गोडसर वास वर आला, आणि मला आठवली ती जहाजं. मोठाली, पांढरी, आठ आठ मजल्यांची जहाजं. गेल्या वर्षी याच दिवसांत आमचं घर जहाज निवडत होतं. वास आपल्याला विचारून काही आठवून देत नाही. त्याच्या मनात येईल ते तो काढून समोर ठेवतो.

जहाजाचं खूळ मूळचं आमच्या जावयाचं. समीर, माझ्या मुलीचा, रेवतीचा नवरा. सरकारी नोकरीत, अँटॉप हिलच्या कॉलनीत क्वार्टर. गणपतीत मोदकाच्या ताटावर बसल्या बसल्या तो ह्यांना म्हणाला होता की, बाबा, तुम्ही रिटायर झालात की आपण सगळे क्रूझला जाऊ. हे म्हणजे माझे यजमान. परळच्या एका इस्पितळात एक्स-रे विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर उजेडाची हौस आली तर नवल नाही. समुद्राशी त्यांची ओळख तशी फारशी बरी नव्हती. लहानपणी कोकणातून बोटीने मुंबईला आले तेव्हा सगळी वाट ओकत आले होते. पण समीर म्हणाला ना, मग झालं. ह्या दोघांचं जमायचंच तसं. रविवारची मॅच, मॅचच्या आधी बाजारात जाऊन सुरमई आणायची, आणि ती जरा जाड कापली अशी कुरकुर करून दोघांनी मिळून मासेवालीची बोलणी खायची. आमचा मुलगा ओंकार बंगळुरूला गेल्यापासून ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर समीरच बसायचा.

त्यामुळे निवृत्ती झाली आणि उन्हाळा लागला तसे हे कामाला लागले. दर रविवारी दुपारी बैठक. समोर टेबलावर ओंकार फोनच्या पडद्यात, त्याला पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. एका बाजूला रेवती. खाली चादरीवर मी, मिरच्यांची देठं काढत. आणि हे डोळ्यांवर चष्मा चढवून एकेका जहाजाची माहिती वाचून दाखवणार. समीर त्या बैठकांना नसायचा. त्याच्या ऑफिसात ऑडिट चालू होतं.

गिरगावात माझ्या लहानपणी सहल ठरायची ती अशी नाही. वडील एखाद्या शनिवारी संध्याकाळी अंगणात चपला काढता काढता म्हणायचे, उद्या घारापुरी. संपलं. आई पुऱ्या लाटायला बसायची आणि आम्ही भावंडं रात्री झोपायचो ती उद्याचे कपडे उशाशी घेऊन. कोणाला काय आवडतं हे वडिलांनी कधी विचारलं नाही, आणि आम्हालाही ते कोणी विचारायला हवं होतं असं वाटलं नाही. आता सगळ्यांना विचारावं लागतं. तेच बरोबर आहे. पण विचारायला लागलं की कळतं, आपल्याला मुलांबद्दल जे माहीत आहे ते सगळं जुनं आहे. मी आपली सांगत होते की ओंकारला पाण्याच्या घसरगुंड्या आवडतात, त्या असलेलं जहाज बघा. ओंकार पडद्यातून हसला. त्याला घसरगुंड्या आवडत होत्या त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. आता त्याला हवं होतं चांगलं इंटरनेट आणि सकाळी कोणी न उठवणं.

ह्यांची अट एकच, जहाज मुंबईहून सुटलं पाहिजे. बॅलार्ड पियरहून निघायचं आणि मागे सरत जाणारी मुंबई डेकवर उभं राहून बघायची. इस्पितळाच्या गच्चीवरून त्यांनी बंदरातली जहाजं पाहिलेली होती, आता त्यांना जहाजावरून इस्पितळ बघायचं होतं. माझी अट गुडघ्यांची. लिफ्ट हवी, आणि जेवायची जागा खोलीपासून कोसभर लांब नको. ओंकारने एकदा एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. म्हणाला, "आई, आपण चोवीस तास एकत्र राहायला गेलो तर तिसऱ्या दिवशी भांडू. जहाज त्यासाठीच बरं. दिवसभर ज्याने त्याने आपापलं फिरायचं, संध्याकाळी जेवायला एका टेबलावर यायचं." मला ते आधी लागलं. मग देठं काढता काढता पटत गेलं. मोठ्या झालेल्या मुलांना जवळ ठेवायचं तर त्यांना लांब जायला जागा ठेवावी लागते.

रेवतीची मात्र अट कळेना. म्हणजे तिला कुठलंच जहाज पसंत पडेना. एक फार मोठं, त्यात जत्रेसारखी गर्दी. दुसरं लहान, लाटांत हलेल. तिसऱ्यावर जुगाराचा मजला आहे म्हणून नको. चौथ्याचे फोटो हे मोठ्या उत्साहाने दाखवत होते. त्यात बाल्कनीवाली केबिन होती, दोन खुर्च्या, मधे छोटं टेबल, पुढे निळं पाणी. "ही तुम्हा दोघांना," हे म्हणाले, "आम्ही म्हातारे आतल्या खोलीत झोपतो, आम्हाला काय करायची बाल्कनी." रेवतीने फोटो पाहिला आणि म्हणाली, पडद्यांचा रंग भडक आहे.

पडद्यांच्या रंगावरून कोणी जहाज नाकारतं का? ओंकार वैतागला. हे चष्मा काढून पुसत बसले, तो स्वच्छ असतानाच.

मला त्या वेळी तिची दहावीची वर्षअखेर आठवली. शाळेच्या निरोपसमारंभासाठी आम्ही दादरला कपडे घ्यायला गेलो होतो. एकही ड्रेस तिला पसंत पडेना. ह्याची बाही घट्ट, त्याचा रंग जुनाट, ह्याचं कापड टोचतं. दुकानं पालथी घातली आणि मी चिडून तिला तशीच घरी आणली. कितीतरी दिवसांनी कळलं की तिच्या जिवलग मैत्रिणीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि समारंभाला कोणाशेजारी बसायचं हाच तिच्यापुढे प्रश्न होता. ही पोर अशीच. काटा पायात असतो आणि ती वहाणांना नावं ठेवते.

हे आठवलं, पण मी ते पुढे नेलं नाही. कामाचा ताण असेल म्हटलं. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस, तिथून ती रोजची थकून निघायची. मात्र एक गोष्ट खुपत राहिली. पूर्वी ती आली की निघताना समीरसाठी डब्यात काहीतरी न्यायची. त्या उन्हाळ्यात मी दोनदा डबा भरला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावरच राहिला.

मे महिना लागला तसे ह्यांनी निकाल लावून टाकायचं ठरवलं. मुंबईहून सुटणारं, बाल्कनीवाल्या केबिनचं ते चौथं जहाज. पडदे असू देत भडक. दादरला एक ओळखीच्या बाई सहलींचं बुकिंग करत, त्यांच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो. छोटंसं ऑफिस, एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर. बाई हसतमुख. त्यांनी आम्हाला थंडगार पाणी दिलं आणि साध्या आवाजात, रोज शंभर जणांना विचारतात तसं विचारलं, "मग कोण कोणाबरोबर राहणार? आईबाबा एका केबिनमध्ये, मुलगी-जावई बाल्कनीत, आणि मुलाला वेगळी, असंच ना?"

हे हो म्हणाले. रेवती म्हणाली, "आज बुक नको करू या."

बाईंना वाटलं, तारखांची अडचण आहे. त्या तारखा बदलून दाखवायला लागल्या. रेवती उभी राहिली होती, पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून. ह्यांचा आवाज चढला नाही, पण मला त्यांचा राग कळतो, तो हळू बोलण्यात असतो. ते म्हणाले, तुला यायचंच नसेल तर तसं सांग, आम्ही दोन महिने वेड्यासारखे बसलोय. बाहेर येऊन टॅक्सी केली. परळचा पूल आला, डाव्या हाताच्या नव्या इमारतींच्या काचांवर ऊन भगभगत होतं, आणि हे पुढच्या सीटवर बसून समोर बघत होते.

घरी आल्यावर हे आत जाऊन आडवे झाले. मी चादर ओढली आणि राहिलेल्या मिरच्या घेऊन बसले, कारण हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. थोड्या वेळाने रेवती येऊन समोर बसली आणि तीही देठं काढू लागली. डोळ्यांत पाणी यायला निमित्त समोर ढीगभर पडलं होतं, पण ती रडली नाही.

"आई, मी अँटॉप हिलला राहत नाहीये," ती म्हणाली. "होळीच्या आधीपासून. दादरला स्वातीकडे राहते."

स्वाती तिची ऑफिसातली मैत्रीण. मी हातातली मिरची तशीच धरून बसले. मग आईच्या तोंडून जे पहिलं यायचं तेच आलं. त्याने काही केलं का?

नाही, ती म्हणाली. त्याने काही केलं नाही, तिनेही काही केलं नाही. भांडणही झालं नाही. बोलणंच संपलं. दिवाळीनंतर केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की दोघं एकमेकांशी फक्त दूध आणि गॅसबद्दल बोलतात. खूप प्रयत्न केले. कोणाकडे तरी जाऊन बोलून आले, तेही झालं. आता शांतपणे वेगळं व्हायचं ठरलं होतं, आणि हे सगळं ती मला अशा आवाजात सांगत होती, जणू हे तिने रस्त्याने चालताना मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं होतं.

मी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस.

"बाबा त्याच्यासाठी बाल्कनी शोधत होते गं," ती म्हणाली. "दर रविवारी. मी काय सांगणार होते?"

ते ऐकल्यावर मला त्या सगळ्या रविवारांचा अर्थ लागला. फार मोठं, फार लहान, जुगार, पडदे. ती जहाजं नाकारत नव्हती. कोण कोणाबरोबर राहणार, हा प्रश्न ती एकेक आठवडा पुढे ढकलत होती. मी म्हटलं, जाऊ दे, ट्रिप रद्द करू. तर ती पटकन म्हणाली, "नको. मला यायचंय. फक्त पाच नाही, चार."

ह्यांना तिनेच सांगितलं, संध्याकाळी चहाच्या वेळी. मी स्वयंपाकघरात थांबले. आमच्या गॅलरीतून पूर्वेला, इमारतींच्या फटीतून शिवडीकडच्या खाडीचा एक तुकडा दिसतो. दोघं तिथे उभे होते, पाठमोरे. तिचं बोलणं संपलं तरी हे कितीतरी वेळ त्या तुकड्याकडे बघत होते. रागावतील, की छातीला हात लावतील, मला काही कळत नव्हतं. हे घरात कधीतरीच मालवणी बोलतात, त्यांची आई गेल्यापासून तर फारच क्वचित. त्या संध्याकाळी बोलले. "चेडवा, माका आदी कित्या नाय सांगलंस?" एवढंच. तिने त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि जे दुपारी मिरच्यांनी झालं नव्हतं ते तेव्हा झालं.

पुढच्या दोन दिवसांत मॅच होती, ती ह्यांनी लावली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेवतीला फोन केला, आणि मी ऐकत होते म्हणून मला ते वाक्य माहीत आहे, नाहीतर त्यांनी मला ते कधी सांगितलं नसतं. "मी समीरला एकदा भेटलो तर तुला चालेल का? समजूत घालायला नाही. निरोप घ्यायला."

पलीकडे ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हे एवढंच म्हणाले, बरं, बरं. आणि मग शर्ट बदलून गेले. परळच्या एका हॉटेलात दोघं बसले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, काही नाही, चहा घेतला, मॅचबद्दल बोललो. मग खुर्चीत बसून बूट काढता काढता म्हणाले, पोरगा वाईट नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, पण पोरगी आपली.

माणसं दुरावतात तेव्हा कोणीतरी वाईट असावं लागतं, असं मला आधी वाटायचं. आमच्या चाळीत तसंच असायचं. भांडण झालं की सगळा मजला वाटून घ्यायचा, अर्धा इकडून, अर्धा तिकडून. ह्या वेळी वाटायला काहीच नव्हतं. एक चांगला मुलगा आमच्या घरातून निघून गेला होता आणि त्याचं वाईट वाटायची आम्हाला मुभा होती, आणि तरीही आम्ही आमच्या मुलीच्या बाजूचेच होतो. हे दोन्ही एकाच मनात मावतं, हे मला साठीत कळलं.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक बसली. ओंकारला सगळं कळलेलं होतं. तो तांब्याला टेकून नुसता बसला होता, नेहमीचा वैताग नव्हता. मी ठरवून टाकलं होतं की केबिन दोन घ्यायच्या. एकीत मी आणि रेवती, दुसरीत बापलेक. तिला रात्री एकटं ठेवायचं नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं. मी ते बोलून दाखवलं.

रेवतीने नाही म्हणून मान हलवली. "आई, स्वातीकडेही मी हॉलमध्ये झोपते, टीव्ही लावून. मला एकटीला झोपायची सवय करायची आहे. तुम्ही सगळे शेजारच्या खोल्यांत असताना ती केलेली बरी."

मी वाद घातला. दोघींना एका खोलीत किती गप्पा मारता येतील हे सांगितलं, समुद्र लागला तर रात्री कोण बघणार हेही सांगितलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की एकटं राहण्याची भीती तिला जेवढी आहे त्याहून मला जास्त आहे. मग वाद सोडला.

तर आता अट नवी होती, एकट्या माणसाची केबिन. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. जहाजांचं सगळं जग जोडप्यांसाठी केलेलं असतं. दोन उशा, दोन खुर्च्या, दोन पेले. एकट्याने जायचं तर दोघांच्या खोलीत राहायचं आणि रोज तो दुसरा रिकामा पलंग बघायचा. ओंकारने शोधून शोधून एक कंपनी काढली, तिच्या जहाजावर खास एकट्यासाठी केलेल्या छोट्या खोल्या होत्या. एक पलंग, एक खुर्ची, एक गोल खिडकी. रेवतीने फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि पहिल्यांदाच काही नाव ठेवलं नाही. "हे चालेल," म्हणाली.

पण ते जहाज मुंबईहून सुटत नव्हतं. सिंगापूरला जाऊन चढावं लागणार होतं. ओंकारने ते जरा चाचरत सांगितलं, आणि आम्ही तिघंही ह्यांच्याकडे बघू लागलो. बॅलार्ड पियर, मागे सरत जाणारी मुंबई, जहाजावरून दिसणारं इस्पितळ, हे सगळं त्या खोलीत आमच्याबरोबर बसलेलं होतं. ह्यांनी चष्मा वर सारला, पडद्यावरची ती गोल खिडकी बघितली आणि म्हणाले, मुंबई काय, मी रोजच बघतो. पासपोर्ट काढायला मात्र लवकर टाका.

दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो. जहाज हललं नाही, निदान ह्यांना पोटात ढवळण्याइतकं तरी नाही. मासे बेचव होते. ओंकार खरोखरच दुपारपर्यंत झोपायचा. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. भिंतीपलीकडे रेवती होती आणि मी कान लावून पडले होते. काही आवाज नव्हता. सकाळी ती न्याहारीला आमच्या आधी येऊन बसली होती, आणि रात्र कशी गेली हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी ती उशिरा आली. तिसऱ्या सकाळी आलीच नाही. मी दार वाजवायला उठले तर ह्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. झोपू दे, म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळी सगळे नटून जेवायला जातात. मी माझी जांभळी पैठणी नेसले होते, हे कोटात अवघडलेले. जिन्यापाशी फोटोवाला उभा होता, गोरटेला, हसरा, कुठल्यातरी लांबच्या देशाचा तरुण. तो एकेका कुटुंबाला थांबवून उभं करत होता. आमची पाळी आली. त्याने मला आणि ह्यांना मधे घेतलं, ओंकारला ह्यांच्या बाजूला, रेवतीला माझ्या बाजूला. मागे जाऊन कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि त्याला रेवतीच्या पलीकडे जागा रिकामी वाटली असावी. आमच्या आधी उभी राहिलेली सगळी घरं दोनदोनच्या जोड्यांची होती. त्याने कॅमेरा खाली घेतला आणि इंग्रजीत, अगदी अदबीने विचारलं की कोणी यायचं राहिलं आहे का, मी थांबतो.

रेवती माझ्या बाजूला ताठ झाली, ते मला साडीतूनही जाणवलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण हे आधी बोलले. एक्स-रेच्या खोलीत पेशंटला सांगायचे तशा स्पष्ट, शांत आवाजात.

"नो, नो. ऑल हिअर."

ओंकार मागून फिरून आला आणि रेवतीच्या शेजारी उभा राहिला.